स्वतः आखलेल्या अभ्यासप्रवासाला कॉलेजने श्रेयांक (क्रेडिट) द्यावेत का?

(प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

मासुंदाकाठ

मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून नवं शैक्षणिक धोरण आलं. दुसऱ्या वर्षाच्या आराखड्यात फील्ड प्रोजेक्टला २ श्रेयांक ठेवलेत. शंभर फॉर्म भरून आणायचे, पाय चार्ट काढायचे, स्पायरल बाइंडिंग करून जमा करायचं, यात हे श्रेयांक वाया जाताना पाहून वाईट वाटतं. माझं म्हणणं असं, की ज्याला स्वतः प्रवास आखून, एकट्याने किंवा दोघा-तिघांनी मिळून अभ्यास करायचा आहे, त्याला हेच २ श्रेयांक त्या कामावर मिळावेत. त्यासाठी वेगळा नियम लागत नाही. मार्गदर्शक प्राध्यापकाने आधी हो म्हणायला हवं, एवढंच.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात क्षेत्रकार्याचा, म्हणजे फील्डवर्कचा, १ श्रेयांक म्हणजे सत्रभरात ३० तास, म्हणजे २ श्रेयांकांना ६० तास झाले. प्रवासात गेलेले तास यात धरायचे नाहीत. एसटीत बसलेला, जेवलेला, झोपलेला वेळ शून्य.

एक उदाहरण देतो. कल्याणहून नाणेघाटाने जुन्नरला जाणारी सातवाहनकालीन व्यापारी वाट. प्रश्न एकच घ्यायचा: या वाटेवर कातळात खोदलेली पाण्याची टाकी कुठे आहेत आणि एका टाक्यात किती पाणी मावतं? लेण्यांच्या शिलालेखांत टाक्याला ‘पोढी’ म्हणतात, हे वाचूनच निघायचं. आधीचं वाचन आणि नकाशा १४ तास. जागेवर ४ दिवस, रोज ६ तास, असे २४. आकृत्या आणि आकडेमोड १०, लेखन १०, सादरीकरण आणि तोंडी परीक्षा २. झाले ६०.

टाकं मोजायची पद्धत साधी आहे. लांबी-रुंदी टेपने. खोलीसाठी सुतळीला दर २५ सेंटिमीटरवर गाठ मारायची, टोकाला दगड बांधायचा आणि काठावर पालथं झोपून सोडायची. आत उतरायचं नाही, शेवाळावर पाय घसरतो आणि आतल्या बाजूला धरायला काही नसतं. दगड टेकतो तो गाळावर, तळाशी नाही. म्हणून वहीत ‘गाळापर्यंतची खोली’ असंच लिहायचं. ३ मीटर लांब, २ मीटर रुंद, दीड मीटर खोल टाकं म्हणजे ९ घनमीटर, ९,००० लिटर. तांड्यातल्या माणसांना आणि जनावरांना ते किती दिवस पुरेल, हा हिशोब मांडला की इतिहासाचा पेपर जिवंत होतो.

खारेगाव

मनापासून विरोध. साठ तासांचा हिशोब बिनचूक आहे, पण तो कोणाला परवडतो ते पाहा. संध्याकाळी महापेच्या कॉल सेंटरात शिफ्ट करून सकाळी कॉलेजला येणारा मुलगा जुन्नरला ४ दिवस कसा जाईल? ज्या मुलीला घरून एक रात्रही बाहेर राहायची परवानगी नाही, तिने काय करायचं? ज्याच्या घरी गाडी आहे आणि वडिलांना सुट्टी आहे, त्याचाच प्रोजेक्ट उठून दिसणार. फॉर्म भरून आणण्याचं काम कंटाळवाणं असेल, पण ते सगळ्यांना सारखं आहे. श्रेयांक ही चैन नव्हे, त्यावर पदवी मिळते.

दुसरी भीती बाजाराची. ‘६० तासांचं प्रमाणपत्र’ देणाऱ्या सहली निघायला वेळ लागणार नाही. पैसे भरा, बसमध्ये बसा, शेवटच्या दिवशी कागद घ्या.

ऐरोली खाडी

खारेगाव यांचा पहिला मुद्दा खरा आहे, पण त्यावर उपाय जुन्नरपेक्षा जवळ आहे. अभ्यासप्रवास म्हणजे लांबच जायला हवं असं कुठे आहे? ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलं. ट्रान्स-हार्बरचा पास असलेल्या मुलाला ऐरोली आणि नेरूळ दोन्ही त्याच पासात येतात, रात्री मुक्काम नाही.

काम फ्लेमिंगो मोजण्याचं. १० फेऱ्या, प्रत्येकी ३ तास, म्हणजे ३०. तयारी १०, आकड्यांचं काम १२, लेखन ६, तोंडी २. फेऱ्या हिवाळा ते मे या काळात, पक्षी तेव्हाच असतात. म्हणजे हे काम चौथ्या सत्रातच बसतं, तिसऱ्यात घेतलं तर जून ते सप्टेंबर रिकामी खाडी बघत बसावं लागेल.

यात मुलं हमखास चुकतात ती अशी. दर रविवारी सकाळी ८ ला जायचं ठरवतात. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे ८ वाजता एका रविवारी चिखल उघडा असतो, दुसऱ्या रविवारी पाणी तुडुंब. पक्षी ओहोटीत चिखलावर खायला पसरतात आणि भरतीला नेरूळच्या पाणथळींकडे सरकतात. मग आलेख वर-खाली होतो तो पाण्यामुळे, आणि अहवालात लिहिलं जातं की पक्षी कमी झाले. वेळ घड्याळाची न धरता भरतीच्या तक्त्याची धरायची, उदाहरणार्थ दर वेळी पूर्ण ओहोटीच्या आधी एक तास. आणि ऐरोली-नेरूळ एकाच दिवशी मोजलं तर तोच थवा दोनदा मोजला जातो.

मोजताना आधी दुर्बिणीत १० पक्षी नीट मोजायचे, तेवढी जागा डोळ्यात बसवायची, मग थव्यावर तो तुकडा सरकवत जायचं. दोघांनी एकमेकांना न सांगता मोजावं आणि दोन्ही आकडे वहीत ठेवावेत. सरासरी काढून मूळ आकडे खोडले तर त्या वहीला अर्थ राहत नाही.

पारसिक

शिकवणाऱ्याच्या बाजूने बोलतो. एका तुकडीत ६० मुलं. प्रत्येकाची २० मिनिटांची तोंडी परीक्षा म्हणजे २० तास. प्रत्येकाचा विषय वेगळा, ठिकाण वेगळं, म्हणजे प्रत्येक अहवाल मुळापासून वाचायचा. हे तास प्राध्यापकाच्या कार्यभारात कोण धरणार? धरले नाहीत, तर प्रत्यक्षात सगळ्या वह्यांवर एकाच दुपारी सह्या होतील. टाक्यांची गाठ मारलेली सुतळी मला आवडली, पण ती खरंच सोडली होती की आकडे घरी बसून लिहिले, हे मी ठाण्यात बसून कसं ओळखणार? जिओटॅग केलेला फोटो माणूस तिथे होता एवढंच सांगतो. तो तिथे पाच मिनिटं होता की सहा तास, ते सांगत नाही.

त्यात लेण्याच्या आत जीपीएस भरकटतो. दोन मुलांनी एकाच टाक्याचे दोन वेगळे बिंदू आणले, तर लबाडी कोणाची आणि फोन कोणाचा, हे ठरवता येत नाही.

मासुंदाकाठ

पारसिक सर, जीपीएसची नोंद लेण्याच्या तोंडाशी उघड्यावर घ्यायची आणि तिथून आतलं अंतर टेपने, हा नियम प्रस्तावातच लिहून घ्यावा. लबाडी ओळखायला कच्ची वही पुरते. पेन्सिलने, जागेवर, तारीख-वेळेसह लिहिलेली, आणि रोज संध्याकाळी त्या दिवसाच्या पानांचा फोटो मार्गदर्शकाला गेला पाहिजे. घरी उतरवून काढलेली सुबक वही आली तर ती परत करायची. खऱ्या वहीत खाडाखोड असते, ओला डाग असतो, मध्येच ‘पाऊस, थांबलो’ असं असतं.

खारेगाव यांना: ४ दिवस सलग हवेत असं नाही. अंबरनाथचं शिवमंदिर घ्या. शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चा शिलालेख, शिलाहारांचा काळ, स्टेशनच्या पूर्वेला. चार रविवार, संध्याकाळी घरी. फक्त श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्रीच्या आसपासचे दिवस टाळायचे. हे नांदतं देऊळ आहे, गर्दीत टेप लावून उभं राहणं भाविकांनाही बरं वाटत नाही आणि कामही होत नाही.

खारेगाव

मग त्याला फील्ड प्रोजेक्टच म्हणा, ‘स्वतंत्र अभ्यासप्रवास’ हे मोठं नाव कशाला? तुम्ही अंबरनाथपर्यंत खाली आलात की आपल्यात वाद उरत नाही. माझा आक्षेप हंपी-अजिंठ्याचा प्रोजेक्ट आणि अंबरनाथचा प्रोजेक्ट एकाच फुटपट्टीने मोजण्याला आहे. परीक्षक माणूसच असतो, अजिंठ्याचे फोटो बघून त्याचा हात सैल सुटतो.

नोंदवही

थोडं कागदपत्रांचं, कारण बहुतेक घोळ तिथेच होतो.

अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे विद्यार्थ्याचे श्रेयांक साठवणारं ऑनलाइन खातं, त्यात विद्यार्थी स्वतः श्रेयांक जमा करू शकत नाही. २०२१ च्या यूजीसी नियमांप्रमाणे नोंदणीकृत संस्थाच ते चढवते. म्हणून सहल कंपनीचं प्रमाणपत्र कितीही जाड कागदावर असलं तरी तिथे त्याचा उपयोग नाही. खारेगाव यांची दुसरी भीती निदान या टप्प्यावर अडते.

दुसरं, सत्र. उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रवास केला आणि जूनमध्ये तिसरं सत्र सुरू झाल्यावर प्रस्ताव दिला, तर ते काम कोणत्याच सत्रात बसत नाही. मंजुरीची तारीख प्रवासाच्या आधीची हवी. सत्र चालू असताना गेलात तर ७५ टक्के हजेरीचा नियम आड येतो, म्हणून दिवाळीची सुट्टी किंवा रविवार बरे.

तिसरं, नाव. आधारवर वडिलांचं नाव मधे आणि कॉलेजच्या नोंदीत शेवटी, एवढ्या फरकानेही १२ अंकी अपार आयडी (विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक) जुळत नाही आणि श्रेयांक अडकतात. ते आधी दुरुस्त करा, निकालानंतर रांगेत उभं राहण्यापेक्षा.

जुईनगर

ज्यांना ही कल्पना नवी वाटते त्यांच्यासाठी. अमेरिकेत आधी मिळवलेल्या ज्ञानाला श्रेयांक देण्याची वाट जुनी आहे. न्यूयॉर्कचं एम्पायर स्टेट कॉलेज १९७१ चं, न्यू जर्सीचं थॉमस एडिसन १९७२ चं, दोन्ही मुख्यतः नोकरदार प्रौढांसाठी निघाली. अनुभवाधारित शिक्षणासाठी १९७४ पासून काम करणाऱ्या ‘केल’ या संस्थेच्या मानकांतलं पहिलं सूत्र असं, की श्रेयांक शिकण्याला द्यायचा, अनुभवाला नाही. तिथे विद्यार्थी पोर्टफोलिओ करतो. एखाद्या शिकवल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमाची उद्दिष्टं समोर ठेवायची, आणि प्रत्येक उद्दिष्टापुढे आपण ते कुठे, कसं शिकलो याचा पुरावा लावायचा. त्या विषयाचा तज्ज्ञ ते तपासतो. अडचणही आहे: एका कॉलेजने असे दिलेले श्रेयांक दुसरं कॉलेज घेईलच असं नाही.

म्हणून माझा मासुंदाकाठ यांना विरोध वेगळ्या बाजूने आहे. तुम्ही प्रवासाआधीच सगळं बांधून टाकता. प्रश्न ठरला, तास ठरले, टाकी ठरली. पण नाणेघाटात पोचल्यावर मुलाचं लक्ष तिथल्या शिलालेखातल्या अंकांकडे गेलं तर? तिथे भारतातल्या फार जुन्या अंकचिन्हांपैकी काही कोरलेली आहेत. त्याने टाकीच मोजत बसायचं का? शिकून आलेल्याला परतल्यावर परीक्षा देऊन श्रेयांक मागण्याची सोय हवी.

पारसिक

नको. परतल्यावर मागितलेल्या श्रेयांकात प्रत्येक कौटुंबिक सहल येऊन बसेल. बारा दिवसांची युरोप टूर करून आलेला मुलगा संग्रहालयांची तिकिटं चिकटवलेली वही घेऊन समोर उभा राहील, आणि त्याला नाही म्हणायला माझ्याकडे लेखी आधार नसेल. आधीची मंजुरी ही विद्यार्थ्याइतकीच प्राध्यापकाचीही ढाल आहे.

मासुंदाकाठ

जुईनगर, तुमचा मुद्दा घेतो, पण अर्धाच. प्रस्तावात एक ओळ घालता येईल: जागेवरचे निम्मे दिवस संपेपर्यंत एक ईमेल करून प्रश्न बदलता येईल, तास बदलणार नाहीत. नाणेघाटातले अंक वाचायचे तर त्याचीही रीत आहे. बॅटरी समोरून मारली तर भिंत नुसती उजळते. ती भिंतीला जवळजवळ टेकवून, आडवी धरली की कोरलेल्या रेघांच्या कडेला सावली पडते आणि अक्षर उठून येतं. चार दिशांनी चार फोटो घ्यायचे. खडू किंवा पीठ चोळायचं नाही, त्याने लेख झिजतो, आणि संरक्षित स्मारकाला इजा करणं १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याने गुन्हा आहे. ट्रायपॉड लावायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, ती आयत्या वेळी मिळत नाही.

पावसाळ्यात मात्र जाऊ नये. धुकं, निसरड्या पायऱ्या, आणि लेण्यात आडोशाला थांबलेली गर्दी. तिथे सहा तास काम होणार नाही, मग वहीत सहा तास खोटे लिहिले जातात.

खारेगाव

लांबच्या प्रोजेक्टला अहवालात फोटो ठेवूच नयेत, फक्त हाताने काढलेल्या आकृत्या आणि मोजमापं. मग अजिंठा आणि अंबरनाथ परीक्षकापुढे सारखे येतील. अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी, हे न पाहता आखलेला प्रस्ताव तर मंजुरीलाच थांबवावा. हे मान्य असेल तर माझा विरोध निम्म्यावर येईल. उरलेला निम्मा त्या कॉल सेंटरातल्या मुलासाठी आहे, त्याला रविवारीही शिफ्ट असते.

पारसिक

तुकडीतल्या दहा जणांपर्यंत असे प्रस्ताव घेता येतील, त्यापुढे नाही. त्या दहांना २० मिनिटांच्या तोंडी परीक्षेत मी अहवालावर एकही प्रश्न विचारणार नाही. कच्ची वही मधूनच कुठेही उघडायची, एका आकड्यावर बोट ठेवायचं आणि विचारायचं: हे मोजताना तुम्ही कुठे उभे होतात, आणि टेपचं दुसरं टोक कोणी धरलं होतं?