सुपरहिरोच्या गोष्टी नेमक्या कोणासाठी असाव्यात, पोरांसाठी की मोठ्यांसाठी?

गोंधळलेला_काका:
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय, विचारूनच टाकतो. पुतण्या सात वर्षांचा आहे. दप्तरावर बॅटमॅन, पाण्याच्या बाटलीवर बॅटमॅन, चादरीवरही तोच. पण बॅटमॅनचा अलीकडचा कुठलाही पिक्चर लावायचा म्हटलं की मीच कचरतो, कारण त्यात खून काय, छळ काय, आणि अंधार तर इतका की मला स्वतःला कोण कोणाला मारतंय ते कळत नाही. म्हणजे ज्याचं तोंड बाटलीवर छापून पोरांना विकतात त्याचीच गोष्ट पोरांना दाखवता येत नाही, हे जरा अजब नाही का? एक मित्र म्हणतो सुपरहिरो मुळात लहान मुलांचेच, मोठ्या झालेल्या फॅन लोकांनी ते पळवले. तुम्हाला काय वाटतं, या गोष्टी मुलांना चालतील अशाच असायला हव्यात का?

उगाच:
मुलांना दाखवू नका. विषय संपला.

जुनी_पानं:
@उगाच, विषय १९५४ पासून संपत नाहीये, तुम्ही एका ओळीत संपवला, कमाल आहे 😄

काका, तुमच्या मित्राचं 'मुळात' हेच डळमळीत आहे. सुपरमॅन आला १९३८ ला, बॅटमॅन १९३९ ला, आणि तो सुरुवातीचा बॅटमॅन वाचाल तर दचकाल. पहिल्याच गोष्टीत तो एका गुन्हेगाराला ठोसा लगावतो, तो माणूस कठडा तोडून थेट ॲसिडच्या टाकीत, आणि बॅटमॅनचं त्यावर म्हणणं काय तर असल्या माणसाचा असाच शेवट व्हायचा. हळहळ वगैरे काही नाही. १९४० ला रॉबिन हा त्याचा पोरसवदा साथीदार आणला तो मुद्दाम, पोरांना आपल्यातला कोणीतरी दिसावा म्हणून, आणि खप धाडकन वाढला. त्याच सुमाराला संपादकांनी ठरवलं की आमचा हिरो यापुढे जीव घेणार नाही. आज फॅन लोक ज्या नियमासाठी एकमेकांच्या उरावर बसतात, तो असा संपादकांच्या टेबलावर ठरलाय. आणि वाचत कोण होतं? पोरं तर होतीच, पण दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकसुद्धा ढिगाने कॉमिक्स वाचायचे.

'हे फक्त मुलांचं' हा शिक्का खरा पक्का बसला १९५४ ला. फ्रेड्रिक वर्थम नावाचे मानसोपचारतज्ज्ञ, त्यांनी पुस्तक लिहिलं की कॉमिक्समुळे पोरं बिघडतात, अमेरिकन सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या, प्रकाशक घाबरले आणि सरकारने काही करायच्या आत स्वतःच नियमावली करून मोकळे झाले. कॉमिक्स कोड. त्यात काय नव्हतं! प्रत्येक वेळी चांगल्याचाच विजय, गुन्हेगाराबद्दल सहानुभूती वाटता कामा नये, पोलीस-न्यायाधीश यांच्याबद्दल अनादर वाटेल असं काही नको, व्हॅम्पायर नको, नरलांडगे नकोत. मुखपृष्ठावर तो शिक्का नसेल तर विक्रेते अंक ठेवायलाच कां-कूं करायचे.

गंमत म्हणजे वर्थम काही कोणी दुष्ट माणूस नव्हते, न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत गरिबांसाठी नाममात्र फीमध्ये दवाखाना चालवायचे. पण त्यांचे कागद २०१० मध्ये अभ्यासकांना खुले झाले आणि कॅरल टिली यांनी तपासले तेव्हा दिसलं की मुलांच्या केसेस त्यांनी सोयीने वळवल्या होत्या, काही ठिकाणी एकाच पोराचं बोलणं अनेकांच्या तोंडी घातलेलं. एवढ्या मोठ्या निर्णयामागचा पुरावा हा असा.

रात्रपाळी:
+१. आणि तो कोड पुढे किती हास्यास्पद झाला तेही सांगा की! १९७१ मध्ये अमेरिकेच्या आरोग्य खात्याने स्वतःहून स्पायडरमॅनचे लेखक स्टॅन ली यांना सांगितलं की ड्रग्जचा धोका पोरांना कळेल अशी गोष्ट करा, त्यांनी स्पायडरमॅनमध्ये केली, तर कोडवाले म्हणाले ड्रग्ज हा शब्दच नको, शिक्का मिळणार नाही. गोष्ट ड्रग्जच्या विरोधात आहे हो! शेवटी ते तीन अंक शिक्क्याशिवाय काढले, आभाळ काही कोसळलं नाही, आणि त्याच वर्षी कोड सैल करावा लागला.

माझं मत विचाराल तर सुपरहिरो मोठ्यांसाठी असायलाच हवेत. ज्याच्या हातात अफाट ताकद आहे त्याला जाब कोण विचारणार, हा काय पोरांचा प्रश्न आहे? १९८६ मध्ये थकलेला पन्नाशीपुढचा बॅटमॅन आला, त्याच वर्षी मुखवटेवाल्यांवर पाळत कोण ठेवणार असं विचारणारी ती बारा अंकांची 'वॉचमेन' मालिका सुरू झाली, तेव्हा हे माध्यम खरं वयात आलं. आता ते परत बाटलीवरच्या चित्राएवढं करा म्हणताय?

मिनूची_आई:
रात्रपाळी दादा, वयात आलं म्हणता, मग वयात आल्यासारखं वागायला नको का त्याने? नंतरच्या बऱ्याच लोकांनी त्या १९८६ मधून एवढंच उचललं की हाडं मोडायची, शिव्या घालायच्या आणि पाऊस पाडायचा. माझ्या मते हे पंधरा वर्षांच्या पोराच्या कल्पनेतलं 'मोठं'पण आहे.

मी बालवाडीत शिकवते म्हणून जरा वेगळं सांगते. इथे सगळे पुस्तकाबद्दल बोलताय, पोरांबद्दल कोणीच नाही. चार-पाच वर्षांच्या मुलाला गोष्टीतला बोध वेगळा काढता येत नाही. त्याला ठोसा दिसतो, ठोसा कशासाठी मारला ते दिसत नाही. २०१७ मध्ये ब्रिघम यंग विद्यापीठातल्या सेरा कॉइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास आला होता, अगदी लहान मुलांवरचा. सुपरहिरोत जास्त रमणारी मुलं वर्षभराने जास्त मारकुटी झालेली दिसली, आणि ज्याची आपण आशा धरतो ते, म्हणजे दुसऱ्या पोराला कोणी त्रास देत असेल तर मधे पडून वाचवणं, ते मात्र वाढलेलं दिसलं नाही. आता यावरून सुपरहिरोनेच मारकुटं केलं असं काही सिद्ध होत नाही, मुळात दांडगी असलेली पोरं तिकडे जास्त ओढली जात असतील. पण 'चांगल्याचा विजय बघून पोरं चांगली होतात' हे आपण जे गृहीत धरतो ना, ते तरी सोडा.

उलट बाजूही सांगते, नाहीतर म्हणाल बाई नुसती घाबरवते. त्याच वर्षी दुसरा एक प्रयोग आला होता. चार आणि सहा वर्षांच्या मुलांना एक कंटाळवाणं काम दिलं, शेजारी खेळायला आयपॅड ठेवला. काही मुलांना बॅटमॅन वगैरे व्हायला सांगितलं, आणि मधेमधे विचारायचं, बॅटमॅन मन लावून काम करतोय का? ती मुलं बाकीच्यांपेक्षा जास्त वेळ कामाला चिकटून राहिली! म्हणजे केप घालणं कामाचं आहे, तोच माणूस पडद्यावर कोणाचा जबडा फोडताना बघणं ही वेगळी गोष्ट.

उगाच:
म्हणजे दाखवू नका. हेच म्हणालो मी.

चित्रकथी:
जरा थांबा, एकदम 'दाखवू नका' वर येऊ नका. तुम्ही सगळे असं बोलताय की काय दाखवलं यावर सगळं अवलंबून आहे. कसं दाखवलं त्यावर कोणी बोलतच नाहीये, आणि माझं तर म्हणणं सगळं तिथेच आहे. दोन उदाहरणं देतो.

१९९२ पासून टीव्हीवर लागलेली बॅटमॅनची कार्टून मालिका. वेळ मुलांची, चॅनलची बंधनं कडक, मरण दाखवायची सोय नाही. आणि रॉबिनच्या आईबापाचा मृत्यू तर दाखवायचाय, सर्कशीतला झोका, दोर कोणीतरी आधीच कमकुवत करून ठेवलाय. काय केलं त्यांनी? झोका झुलत चौकटीच्या बाहेर जातो. आपण वाट बघतो. परत येतो तो नुसता तुटलेला दोर. बस्स. ना पडणं, ना किंकाळी, ना रक्त. लहान पोराला जेवढं झेपतं तेवढंच त्याला कळतं आणि मोठ्या माणसाच्या पोटात खड्डा पडतो. त्या भागाला प्राइमटाइम एमी, म्हणजे अमेरिकन टीव्हीचं मोठं बक्षीस मिळालं, मुलांचं म्हणून वेगळ्या कोपऱ्यात बसवून नाही.

आता दुसरं टोक. २००८ चा बॅटमॅनचा तो गाजलेला सिनेमा, त्यातला व्हिलन जोकर टेबलावर पेन्सिल उभी करतो, म्हणतो ही गायब करून दाखवतो, आणि एका माणसाचं डोकं धाडकन टेबलावर आपटतो. पेन्सिल गायब. रक्ताचा थेंब नाही! अमेरिकेत तेरा वर्षांखालच्यांना पालकांनी जपून दाखवा एवढंच सर्टिफिकेट, ब्रिटनमध्ये बारा वर्षांखालचं मूल मोठ्या माणसाबरोबर आत जाऊ शकत होतं, आणि मग तिथल्या बोर्डाकडे त्या वर्षी सगळ्यात जास्त तक्रारी याच सिनेमाच्या आल्या. सिनेमा उत्तम आहे, वाद नाही. पण असल्या रेटिंगांचा भर रक्त, शिव्या, कपडे यांच्यावर असतो, भीती मोजायला त्यांची पट्टी तोकडी पडते.

म्हणून बंधनं म्हटली की मी रात्रपाळीसारखा लगेच नाक मुरडत नाही. कित्येकदा बंधनामुळेच लेखकाला डोकं चालवावं लागतं, दोर दाखवायचं सुचतं.

रात्रपाळी:
मस्त उदाहरण, पण तुम्ही सोयीचंच निवडलंत. १९७३ ला स्पायडरमॅनची प्रेयसी ग्वेन मरते ते आठवा. पुलावरून पडताना तो जाळं सोडून तिला पकडतो, आपण हुश्श करणार, तर मानेपाशी बारक्या अक्षरात एकच आवाज छापलेला, 'स्नॅप'. म्हणजे वाचवायला गेला आणि त्या हिसक्यानेच... हे मऊ करता येतं का? करावं का? ती गोष्ट कोणा मुलाने वाचली आणि रडला, तर माझ्या मते काही बिघडलं नाही. सगळ्याच गोष्टी सगळ्यांना झेपतील अशा करायला गेलात की काय होतं माहितीये ना, शिव्या आणि रक्त हाच ज्याचा जीव तो 'डेडपूल २' हा सुपरहिरो सिनेमा २०१८ मध्ये कापून-धुवून पोरांसाठी परत थिएटरात लावला होता. कोणाच्या लक्षात तरी आहे का आता?

मिनूची_आई:
ग्वेनवाली गोष्ट दहा-बारा वर्षांच्या मुलाने वाचून रडावं, माझी काहीच हरकत नाही, रडणं चांगलंच. माझी तक्रार लेखकांबद्दल कमी आणि विकणाऱ्यांबद्दल जास्त आहे. १९९२ ला बॅटमॅनचा असाच एक अंधारा सिनेमा आला, तोंडातून काळं-हिरवं गळणारा व्हिलन, आणि त्याच वेळी एका बड्या फास्टफूड कंपनीने लहान मुलांच्या जेवणाबरोबर त्याची खेळणी वाटली. पालक खवळले, पुढच्या सिनेमाला दिग्दर्शक बदलला, सगळं रंगीबेरंगी झालं. आता सांगा, चूक सिनेमाची होती का? सिनेमा होता तसा होता. खेळण्यावर तोच चेहरा लावून 'या पोरांनो' म्हटलं तिथे गडबड झाली. मोठ्यांसाठी करायचंय ना, खुशाल करा, मग चार वर्षांच्या पोराच्या पायजम्यावरून तो उतरवा. दोन्हीकडचे पैसे हवेत, तर दोन्हीकडची जबाबदारी घ्या.

जुनी_पानं:
हे मात्र एकदम बरोबर. आणि मोठ्यांसाठी कॉमिक्स निघाली त्यामागेही विक्रीच आहे. सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून अंक वर्तमानपत्राच्या स्टॉलवरून फक्त कॉमिक्स विकणाऱ्या दुकानांत सरकले, तिथे नेमाने येणारा माणूस म्हणजे हातात पैसे असलेला जुना वाचक, मग गोष्टीही त्याच्याच वयाच्या झाल्या, आणि त्या दुकानांना कोडचा शिक्का असला काय नसला काय. स्पायडरमॅनवाल्या मार्व्हल कंपनीने २००१ ला तो कोड सोडला, बॅटमॅनवाल्या डीसीने २०११ ला, तोवर तो नावापुरताच उरला होता. वाचक म्हातारे होत गेले आणि नवीन पोरं कॉमिक्सकडे येईनात, याची रड मग प्रकाशकच घालायला लागले.

गोंधळलेला_काका:
बापरे, मी एक साधा प्रश्न विचारला होता 😅 वाचून मजा आली पण. पायजम्याचा मुद्दा पटला. आता व्यवहाराचं बोला, सात वर्षांच्या पोराला नेमकं काय दाखवू? 'दाखवू नका' सोडून सांगा, त्याला आधीच सगळे व्हिलन नावानिशी पाठ आहेत.

चित्रकथी:
तीच १९९२ ची मालिका, पण पहिल्यापासून सलग नाही, आधी तुम्ही एकटे बघा आणि निवडा. मिस्टर फ्रीझचा भाग नक्की घ्या. आजारी बायकोला गोठवून जिवंत ठेवलेला शास्त्रज्ञ, कंपनीचा मालक पैशापायी प्रयोग बंद पाडतो, आणि तो घरंगळत जातो. पोराला बर्फाची बंदूक दिसेल. थोडा मोठा झाला की स्वतःच विचारेल, हा वाईट आहे का नक्की? जोकरवाले भाग मात्र नंतर, काही मुलांना त्या हसण्यानेच झोप लागत नाही.

मिनूची_आई:
आणि शेजारी बसून बघा, त्याच्या हातात देऊन स्वयंपाकघरात जाऊ नका. त्याने मधेच काही विचारलं तर थांबवून बोला. कंटाळून उठून गेला तर जाऊ द्या.

रात्रपाळी:
मी म्हणतो सरळ १९६६ ची बॅटमॅनची टीव्ही मालिका लावा. ठोसा मारला की पडद्यावर मोठ्ठ्या रंगीत अक्षरात 'पाऊ', 'झॅप'. बॅटमॅन झालेला ॲडम वेस्ट इतक्या गंभीर चेहऱ्याने सगळं करतो की पोरगं जीव मुठीत धरून बघेल आणि तुम्ही हसून लोळाल.

जुनी_पानं:
मोठ्यांसाठीच असायला हवेत म्हणणारा माणूस शेवटी १९६६ वर आला, याचा स्क्रीनशॉट काढून ठेवतोय 😂

रात्रपाळी:
अहो ती मोठ्यांसाठीचीच आहे! अर्ध्याहून जास्त विनोद पोरांच्या डोक्यावरून जातात. वेगळा धागा काढा, सविस्तर भांडू.