मदत हवी आहे : बी.एड.च्या ऑनलाइन सराव गटात निरीक्षण नेमके कसे करून घ्यावे?

नमस्कार. छात्राध्यापकांचा ऑनलाइन गट आहे, सूक्ष्म अध्यापनाच्या, म्हणजे छोट्या पाठातून एकेका अध्यापन-कौशल्याच्या, सरावासाठी. चक्र नेहमीचेच: ६ मिनिटे पाठ, ६ प्रत्याभरण (पाठ पाहून दिलेला अभिप्राय), १२ पुनर्नियोजन, ६ पुनर्पाठ, ६ पुन्हा प्रत्याभरण, एकूण ३६ मिनिटे. गूगल मीटच्या मोफत खात्यावर तिघे किंवा अधिक असले की ६० मिनिटांत बैठक तुटते, त्यामुळे एका बैठकीत एकच चक्र बसते. म्हणून पाठाचे व्हिडिओ आधी व्हॉट्सॲपवर मागवतो. साधा व्हिडिओ पाठवला की दर्जा घसरतो, फळ्यावरची अक्षरे वाचता येत नाहीत. डॉक्युमेंट म्हणून पाठवला की ठीक दिसतो. हा प्रश्न सुटला.

खरी अडचण प्रत्याभरणाची. "छान झाला", "मस्त" आणि अंगठा, बस्स! प्रश्न विचारण्याचे कौशल्य असेल तर किती प्रश्न विचारले, त्यातले किती नुसत्या हो-नाहीचे, प्रश्न विचारल्यावर विचार करायला वेळ दिला का, उत्तर चुकल्यावर सूचक प्रश्नाने पुढे नेले की स्वतःच उत्तर सांगून टाकले, हे कुणी मोजत नाही. मग पुनर्पाठात बदल तरी कशाच्या आधारे करायचा?

अनुभवी मंडळींनी सांगावे:

एका पाठाला दोनच निरीक्षक नेमावेत की सगळ्यांनी नोंदवावे? गूगल फॉर्ममध्ये प्रत्येक कौशल्याचे घटक किती ठेवावेत? दहा घटक ठेवले की लोक डोळे मिटून सगळीकडे "चांगले" टेकवतात. आणि आंतरवासितेत (शाळेतल्या प्रत्यक्ष सरावाच्या काळात) शाळेच्या तासाचे चित्रीकरण करायचे तर मुलांचे चेहरे येऊ नयेत म्हणून कॅमेरा कुठे ठेवता? कुणाकडे वापरातला निरीक्षण तक्ता असेल तर कृपया इथे टाका.