विषय: मराठवाडा मदतनिधी कोणाकडे सोपवावा?

प्रेषक: कोषाध्यक्ष

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार,

मराठवाड्यातील अतिवृष्टीनंतर इथे कॅनडात आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात जी दानपेटी ठेवली होती, तिच्यात ४,३०० डॉलर जमले आहेत. ही रक्कम ख्रिस्ती सेवाभावातून उभ्या राहिलेल्या एखाद्या ग्रामीण आरोग्यसंस्थेस द्यावी, असे कार्यकारिणीच्या बैठकीत एका भगिनींनी सुचविले. त्यावर बरेच बोलणे झाले, आवाजही चढले, परंतु निर्णय झाला नाही. ज्यांना मत मांडायचे असेल त्यांनी ते येथे लेखी मांडावे, ही विनंती.

प्रेषक: मिरजेच्या सेवानिवृत्त परिचारिका

नमस्कार,

सूचना माझी होती, तेव्हा तिच्यामागचे कारणही मीच सांगितले पाहिजे. माझे लहानपण मिरजेत गेले. बेळगाव-विजापूरकडून येणाऱ्या गाडीतून डोळ्याला फडके बांधलेला एखादा म्हातारा उतरला, की स्टेशनबाहेरचा टांगेवाला त्याला पत्ता विचारत नसे. गाठोडे उचलून टांग्यात ठेवी आणि ‘मिशन’कडे घोडा वळवी. दवाखान्याच्या आवारात रुग्णांचे नातेवाईक तीन दगडांच्या चुलीवर भाकऱ्या थापत बसलेले असत आणि त्यांच्यातल्या निम्म्यांची भाषा कानडी असे. मीठ मागायला भाषा लागत नाही, हे मी तिथे पाहिले.

हा दवाखाना ज्यांनी उभा केला ते डॉ. विल्यम वॉनलेस १८६५ साली आपल्या याच ऑन्टारिओ प्रांतात जन्मले. अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनतर्फे ते १८८९ साली भारतात आले, सांगलीला त्यांनी कामास सुरुवात केली आणि १८९४ साली मिरजेचे रुग्णालय उघडले. हाताखाली माणसे हवीत म्हणून त्यांनी तिथेच वैद्यकीय शिक्षणाचीही सोय केली. मिरज आज डॉक्टरांचे गाव म्हणून ओळखले जाते, त्याचे मूळ तिथे आहे. सांगली-मिरज रस्त्यावरची वॉनलेसवाडी अनेकांना ठाऊक असते, पण ते नाव ऑन्टारिओच्या माणसाचे आहे हे इथल्या आपल्या मुलांना मी तरी कोणी सांगितलेले ऐकलेले नाही.

मात्र मिरजेचा इतिहास सांगून मी मिरजेसाठी पैसे मागत नाही. माझ्या मनात आहे ते नगर जिल्ह्यातल्या जामखेडच्या आरोग्यकार्यासारखे काम, जिथे दवाखान्यापेक्षा गाव मोठे मानले गेले.

प्रेषक: एक जुने सभासद

ताईंना सविनय नमस्कार,

आपल्या आठवणींबद्दल आणि आपण केलेल्या रुग्णसेवेबद्दल मला मनापासून आदर आहे. तरीही माझा आक्षेप नोंदवून ठेवतो, आणि तो कोणाच्या श्रद्धेविषयी नाही, याची कृपया खात्री असावी.

संकटात दिलेली मदत आणि धर्म यांची सरमिसळ महाराष्ट्राने पूर्वी पाहिली आहे. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदन या विधवांच्या शाळेत मुलींना ख्रिस्ती केले जाते, या आरोपावरून १८९३ साली पुण्यात जे वादळ उठले त्यात केवळ ‘केसरी’ विरोधात नव्हता. रानडे आणि भांडारकर यांच्यासारखी सहानुभूती असणारी माणसेही सल्लागार मंडळातून बाहेर पडली. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणि स्त्रिया आणून केडगावच्या आपल्या ‘मुक्ती’ आश्रमात वाचविल्या, हे त्यांचे थोर कार्यच होय, परंतु त्यांपैकी पुष्कळ जणी ख्रिस्ती झाल्या हेही खरे आहे. उपाशी माणसाचा होकार हा होकार धरावा काय, एवढाच माझा प्रश्न आहे. त्याला ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक नसते.

दुसरा मुद्दा धर्माशी संबंधित नाही. काही वर्षांपूर्वी एका पुराच्या वेळी मी स्वतः एका संस्थेमार्फत कपड्यांचे खोके पाठविले होते. पुढे गावी गेलो तेव्हा ते खोके एका शाळेच्या वर्गात बुरशी येऊन पडलेले दिसले आणि वरच्याच खोक्यात टिकल्या लावलेला एक पार्टीचा झगा होता. चिखलात उभ्या असलेल्या बाईने त्याचे काय करावे? तेव्हापासून पैसे कोणालाही द्यायचे म्हटले, की माझा हात आखडतो.

प्रेषक: मिरजेच्या सेवानिवृत्त परिचारिका

दादा, सविनय नमस्कार,

आपला पहिला प्रश्न मला पुस्तकातून नव्हे, घरातून ठाऊक आहे. माझ्या आजीचे माहेर नगर जिल्ह्यातले. तिच्या आजोबांनी दुष्काळात धर्म बदलला तो भाकरीसाठी की महारवाड्यातून बाहेर पडण्यासाठी, हे घरात कोणालाच नक्की सांगता आले नाही. आजी ज्या दिवशी ज्या मनःस्थितीत असेल त्याप्रमाणे उत्तर देई. त्यामुळे आपला आक्षेप मी झटकून टाकणार नाही. पण ज्यांना गावात पाण्यालाही शिवू दिले जात नव्हते, त्यांना तरी ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक कोणी ठेवली होती, हाही प्रश्न त्यासोबत विचारावा लागेल.

मदतीमागे अट आहे की नाही, हे ओळखण्याची माझी रीत साधी आहे. मदत करणाऱ्याने विहीर कुठे खणली, ते पाहावे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले, नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात त्यांनी काही वर्षे काढली आणि १९७० साली जामखेडला एका जुन्या जनावरांच्या दवाखान्यात काम सुरू केले. वडाळ्याला त्यांच्या लक्षात आले होते, की बरे करून घरी पाठविलेले मूल त्याच दुखण्याने पुन्हा दारात येते, कारण दुखणे घरातल्या पाण्यात आणि रिकाम्या डब्यात असते. जामखेडला ते आले आणि पाठोपाठ बाहत्तरचा दुष्काळ आला. आपल्यापैकी ज्यांनी मिलो ज्वारीची भाकरी आणि सुकडी खाल्ली आहे, त्यांना मी तो वेगळा सांगायला नको. गावकऱ्यांनी डॉक्टरांकडे औषध मागितले नाही, पाणी आणि अन्न मागितले. तेव्हा विंधनविहिरी घेताना, जिथे पाणी लागण्यासारखे होते त्या जागांपैकी दलित वस्तीतल्या जागा निवडण्यात आल्या. हातपंप एकदा तिथे बसला म्हटल्यावर इतरांना घागर घेऊन त्याच वस्तीत यावे लागले. त्यासाठी ना भाषण झाले, ना कोणाला धर्म विचारला गेला.

आरोग्याचे कामही त्याच वळणाचे होते. गावानेच एक बाई निवडायची. ती बहुधा निरक्षर असे आणि अनेकदा दलित. दर आठवड्याला जामखेडला येऊन ती शिके आणि परत जाऊन बाळंतपण करी, अंगावरचे कुष्ठरोगाचे चट्टे ओळखी. त्या परिसरात १९७१ साली दर हजार जन्मांमागे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत होती. पाच वर्षांत हा आकडा ५२ वर आला. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो या बायांच्या कामामुळे, असे मी परिचारिका म्हणून नक्की म्हणेन.

आता आपल्या झग्याविषयी. पुराचे पाणी ओसरल्यावर मोठा धोका असतो तो पिण्याच्या पाण्याचा. पुढच्या चार दिवसांत विहिरीत टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करणारी ब्लीचिंग पावडर, पडले पाहिजे, आणि ते किती टाकायचे हे जाणणारे कोणीतरी गावातच असावे लागते. ताजी पावडर असेल तर हजार लिटरला अडीच ग्रॅम पुरते, पण उघड्या पोत्यातली, वास उडालेली असेल तर तिचा काही उपयोग नाही. जुलाब लागलेल्या पोराला एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, तेही घोट घोट पाजायचे. तहान लागली म्हणून एकदम पाजले तर ते उलटून टाकते. हे सांगायला इथून कोणी विमानाने जाऊ शकत नाही. म्हणून पूर येण्यापूर्वीपासून गावात असलेल्या आणि पूर गेल्यावरही राहणाऱ्या बाईला शिकविणाऱ्या संस्थेला पैसे द्यावेत, असे मला वाटते. ती संस्था चर्चमधून निघाली की मठातून, हा प्रश्न माझ्यापुरता त्यानंतरचा आहे.

प्रेषक: एक जुने सभासद

ताई, विहिरीची गोष्ट मला ठाऊक नव्हती. माझा विरोध मी मागे घेतो. मात्र उपचारास किंवा मदतीस कोणतीही धार्मिक अट नाही असे संस्थेकडून लेखी घ्यावे आणि खर्चाचा तपशील सहा महिन्यांनी मागवावा, अशी माझी दुरुस्ती आहे. हीच अट आपण देवस्थानाच्या न्यासालाही घातली असती, असे मी गृहीत धरतो.

प्रेषक: कोषाध्यक्ष

दुरुस्ती मान्य आहे आणि ती सर्वांनाच लागू राहील. आता व्यवहाराचे पाहू.

आपले मंडळ भारतीय कायद्याच्या दृष्टीने परदेशी स्रोत ठरते. त्यामुळे संस्थेकडे केंद्रीय गृह मंत्रालयाची परकीय योगदानाची नोंदणी असली पाहिजे. ही नोंदणी पाच वर्षांची असते आणि तिची मुदत संपलेली नाही ना, हे मी आधी पाहीन. या कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीनंतर असे पैसे प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतील खात्यातच जमा करावे लागतात. तसेच नोंदणी असलेल्या संस्थेला ते पुढे दुसऱ्या संस्थेकडे वळविता येत नाहीत. ‘मोठ्या संस्थेकडे पाठवू, ती लहान संस्थेला देईल’ हा बैठकीत सुचलेला मार्ग त्यामुळे बंद आहे. ज्या सभासदांकडे अजून भारतीय पारपत्र आहे त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम परकीय योगदान धरली जात नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेले ओसीआय कार्डधारक मात्र परदेशीच ठरतात. वेगळी वैयक्तिक देणगी देऊ इच्छिणाऱ्यांनी हा फरक ध्यानात ठेवावा.

ताईंनी संस्थेला पाठवायच्या पत्राचा मराठी मसुदा रविवारपर्यंत द्यावा. आणखी एक विनंती: पैसेच द्यावेत असे सांगूनही उत्सवात काही मंडळींनी कपडे आणून दिले, त्यांचे सहा खोके माझ्या गॅरेजमध्ये पडून आहेत. ज्यांचे असतील त्यांनी ते कृपया घेऊन जावेत. बर्फ पडण्यापूर्वी मला गाडी आत लावायची आहे.