डिस्कॉर्डवर रोलला लाल फुली मारली तरी हा माणूस चॅनलमध्ये घुसतो कसा?

निशाचर_२१
मंडळी एक शंका. डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर गेमिंगचा सर्व्हर (आमचा ग्रुप) आहे, त्यात एक व्हॉइस चॅनल फक्त टीमवाल्यांसाठी ठेवलाय. टीममधलाच एक जण मॅच चालू असताना मधेच येऊन आरडाओरडा करतो, म्हणून 'ब्लॉक्ड' रोल (मेंबरला लावायचा परवानग्यांचा शिक्का) बनवून त्याला लावला, चॅनलच्या परमिशनमध्ये त्या रोलला कनेक्टवर (चॅनलमध्ये शिरायची परवानगी) लाल फुली मारली, रोल यादीत सगळ्यात वर पण नेऊन ठेवला, तरी पठ्ठ्या आरामात आत. बग आहे का हा?

कळफलक
बग नाही रे. त्याच्याकडे 'टीम' रोल पण आहे ना, आणि त्या रोलला कनेक्टची हिरवी टिक असणार. एकाच चॅनलवर एका रोलला फुली आणि दुसऱ्याला टिक असली की टिकच जिंकते, रोल यादीत वर आहे का खाली ह्याला इथे काडीची किंमत नाही (ते वर-खाली कोण कोणाला किक करू (सर्व्हरबाहेर काढू) शकतो असल्या गोष्टींत चालतं). आधी एव्हरीवनचं (सगळ्यांना आपोआप असणारा रोल) सेटिंग लागतं, मग सगळ्या रोलच्या फुल्या, मग रोलच्या टिका आणि सगळ्यात शेवटी त्या मेंबरच्या नावाने काही सेट केलं असेल तर ते; नंतरचं आधीच्यावर भारी. म्हणून चॅनलच्या परमिशनमध्ये थेट त्यालाच ॲड कर आणि तिथे फुली मार.

भोंगाबंद
त्यापेक्षा टीम रोलच काढून घे की त्याचा! एव्हरीवनला बंद आणि हव्या त्या रोलला चालू, एवढंच ठेवायचं, हे ब्लॉक्ड-बिक्ड रोल म्हणजे नंतर स्वतःलाच डोक्याला ताप.

निशाचर_२१
रोल काढला तर टीमचे टेक्स्ट चॅनल पण जातील, ते लागतात त्याला. नावाने फुली मारली, आता कुलूप दिसतंय त्याला 👍 पण एक मॉड (सर्व्हर सांभाळणारा मॉडरेटर) आहे, त्याला तशीच फुली मारून बघितली तर तो येतोच.

कळफलक
मॉड रोलला ॲडमिनिस्ट्रेटर (सगळे अधिकार देणारी परमिशन) दिलंय का? दिलं असेल तर चॅनलवरच्या फुल्या त्याला लागूच होत नाहीत. लोक सरसकट वाटतात ती परमिशन, कशाला ते देव जाणे. ती काढ आणि किक, मेसेज डिलीट वगैरे जे लागतं तेवढंच दे.

निशाचर_२१
हो, दिलंय 😅 काढतो. आता त्याचा फोन येणार मला.