मधली रांग आणि मांडीचा आधार

टोयोटा फॉर्च्युनर या गाडीची उंची आणि रुबाब पाहता कुटुंबासाठी तीच सर्वांत प्रशस्त गाडी ठरेल, असे मत मांडले जाते, पण मला ते पटत नाही. तिचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर, २७४५ मिलिमीटर, टोयोटाच्याच इनोव्हा हायक्रॉसचा २८५० आणि कियाच्या नव्या कार्निव्हलचा ३०९० मिलिमीटर आहे. पण या आकड्यांइतकेच महत्त्व गाडीच्या बांधणीला आहे. फॉर्च्युनर लॅडर फ्रेमवर, म्हणजे शिडीसारख्या वेगळ्या पोलादी सांगाड्यावर, उभी असल्याने तिचा तळ उंच येतो, तळ आणि सीट यांतले अंतर कमी होते, गुडघे वर उचलले जातात आणि मांडी अधांतरी राहते. सोलापूर ते पुणे हे सुमारे २५० किलोमीटरचे अंतर अशा बैठकीत कापताना ज्येष्ठांची कंबर धरते. मोनोकॉक, म्हणजे सांगाडा आणि बॉडी एकसंध असलेल्या, बांधणीच्या हायक्रॉसमध्ये पाय खाली सोडून नीट बसता येते, शिवाय तिच्या महागड्या प्रकारांत मधल्या रांगेला पोटऱ्या टेकवण्यासाठी ऑटोमन, म्हणजे सीटला जोडलेला पायांचा आधारही मिळतो.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा कार्निव्हलच्या मधल्या रांगेतील व्हेंटिलेटेड (आतून हवा खेळवणारी) सीट मला मऊ चामड्यापेक्षा मोलाची वाटते. तुळजापूरच्या गर्दीत दोन गाड्यांच्या फटीत नऊवारीतल्या आजींना उतरवायचे असेल, तर कार्निव्हलचे सरकते दरवाजेही फार उपयोगी पडतात. मात्र गावठाणातल्या बोळात ही ५ मीटरहून लांब गाडी वळवणे अवघडच. शोरूममध्ये आईवडिलांना सोबत न्यावे आणि पुढची सीट आपल्या उंचीप्रमाणे मागे घेऊन त्यांना मधल्या रांगेत निवांत बसवून पाहावे.