सर्व्हरचं 'स्थलांतर' म्हणावं का?

पाटीपुस्तक : आमच्या पतसंस्थेचं मुख्य कार्यालय नव्या इमारतीत जातंय. नेटवर्क हलवण्याचं वेळापत्रक शाखांना मराठीत कळवायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं, 'शनिवारी रात्री सर्व्हरचे स्थलांतर होईल.' लगेच दोन शाखांतून फोन : पुन्हा नवं सॉफ्टवेअर येतंय का? मागे सॉफ्टवेअर बदललं तेव्हा परिपत्रकात 'डेटाचे स्थलांतर' असं छापलं होतं. या वेळी नुसतं यंत्र उचलून दुसरीकडे ठेवायचंय, आतलं काही बदलत नाही. हा फरक दाखवणारा शब्द सुचवा.

सांजवात : स्थानांतरण.

उंबरठा : तो हिंदीतून आलेला शब्द आहे आणि हिंदीत तो कर्मचाऱ्याच्या बदलीसाठी चालतो. मुळात 'स्थलांतर' म्हणजे दुसरं स्थळ, जसं देशांतर म्हणजे दुसरा देश. त्यात जाण्याची क्रिया नव्हतीच, ती मराठीने नंतर भरली. त्यामुळे लोक जातात, दुकान जातं, डेटा जातो, सगळ्याला एकच शब्द लागतो.

काळीमाती : आमच्या बीडकडे स्थलांतर म्हणजे दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला निघालेली माणसं. बैलगाडीत भांडी, लेकरं, मागे घराला कुलूप. एका यंत्राला तोच शब्द लावलेला मला सहन होत नाही.

उंबरठा : तुमची भावना समजते. पण रस्ता खोदताना महापालिका 'सेवावाहिन्यांचे स्थलांतर' म्हणते, तिथे पाण्याचे नळच हलतात. शब्द कुणा एकाच्या दुःखाला बांधून ठेवता येत नाही.

काळीमाती : बांधून ठेवा म्हणत नाही. 'हलवणे' असताना तो कशाला हवा, एवढंच म्हणणं आहे.

तारजोड : बावीस वर्षं हेच काम करतोय. आम्ही 'शिफ्टिंग' म्हणतो. पण पाटीपुस्तक, तुमचं वाक्यच तपासून घ्या. नेटवर्क हलत नाही. सर्व्हर, स्विच (संगणक एकमेकांना जोडणारी पेटी), यूपीएस हलतात. भिंतीतल्या तारा जुन्या जागीच राहतात आणि नव्या जागी नव्या ओढाव्या लागतात. तांब्याच्या केबलला १०० मीटरची मर्यादा असते, त्यातले ९० भिंतीतून आणि १० दोन्ही टोकांच्या पॅचकॉर्डना, म्हणजे जोडणीच्या छोट्या तारांना. लांबच्या कोपऱ्यासाठी वेगळा रॅक, म्हणजे यंत्रांचं कपाट, बसवावा लागला तर मांडणीच बदलली. आणि इंटरनेटची लाईन बदलून पब्लिक आयपी (कार्यालयाचा इंटरनेटवरचा पत्ता) बदलला, तर शाखांच्या राउटरमध्येही तो बदलावा लागेल. मग 'आतलं काही बदलत नाही' हे शाखांसाठी खोटं ठरतं. नवी लाईन चालू होऊन तपासल्याशिवाय जुनी तोडू नका, आणि बॅकअप नुसता घेऊ नका, तो दुसऱ्या यंत्रावर उघडून बघा.

पाटीपुस्तक : आयपीचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं, उद्याच विचारतो. पण शब्द?

सांजवात : 'मुक्काम हलवणे' घ्या. बखरींतला आहे, शुद्ध मराठी.

उंबरठा : मुक्काम अरबी आहे.

सांजवात : तीनशे वर्षं रुळलेला शब्द आपलाच. 'शिफ्टिंग'ला मात्र माझा विरोध राहील. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करून घेतला तो काय उगाच?

उंबरठा : त्या कोशाने फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. त्याच न्यायाने तुमचा मुक्कामही जाईल. रुळणं हाच निकष असेल तर शिफ्टिंगही रुळलंय, घर बदलणारा प्रत्येक जण तेच म्हणतो.

तारजोड : फक्त 'रात्री सर्व्हर शिफ्ट' असं लिहू नका. आमच्या एका मुलाने त्याचा अर्थ रात्रपाळी असा घेतला आणि तो दहा वाजता डबा घेऊन हजर झाला.

काळीमाती : मग 'बदली'? सर्व्हरची बदली.

गिरणगाव : नको. बदली म्हटलं की हा सर्व्हर काढून दुसरा आणला असं वाटेल. माझे वडील १९८२च्या संपापर्यंत गिरणीत 'बदली' होते. तिथे त्याचा अर्थ दुसऱ्या गावी जाणारा असा नव्हता. गैरहजर माणसाच्या जागी उभा राहणारा, असा होता. रोज सकाळी फाटकावर जायचं, कुणाचा साचा (माग) मोकळा असेल तर काम, नाहीतर परत. आई विचारायची, 'आज भरले का?'

उंबरठा : 'भरले' म्हणजे कामावर घेतले?

गिरणगाव : हो. आमच्या चाळीत सगळे तसंच म्हणायचे. सोलापूरच्या गिरण्यांतही 'भरले' हाच शब्द होता का? तिथलं कुणी असेल तर सांगा.