वसाहतवादी, वसाहतवासी की वसाहतवाले?

प्रश्न : ‘सप्तवार्षिक युद्धानंतर अमेरिकेतील वसाहतवादी ब्रिटिश साम्राज्यावर नाराज झाले’ (ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यातील १७५६–६३ चे युद्ध) अशा धाटणीची वाक्ये वारंवार वाचनात येतात. ज्यांच्यावर लंडनहून राज्य केले जात होते, त्यांनाच वसाहतवादी म्हणावे का?

उत्तर १ : माझ्या मते म्हणू नये. ‘वसाहतवादी’ हे विशेषण धोरणाला किंवा ते राबवणाऱ्या सत्तेला लागते, तर येथे अभिप्रेत आहेत ते वसाहतीत राहणारे लोक, आणि युद्धांमुळे त्यांचे साम्राज्याशी बिनसत गेले ते नेमके याच नात्याने. त्याआधीच्या युद्धात, १७४५ साली, न्यू इंग्लंडच्या (अमेरिकेतील ईशान्येकडच्या ब्रिटिश वसाहतींच्या) सुमारे ४,००० स्वयंसेवकांनी विल्यम पेपरेल यांच्या नेतृत्वाखाली फ्रेंचांचा लुईबर्ग हा आजच्या कॅनडातील किल्ला घेतला. लढाईत पडले त्याहून कितीतरी अधिक माणसे पुढच्या हिवाळ्यात तेथे रोगराईने मेली, आणि १७४८ च्या तहात ब्रिटनने तो किल्ला फ्रान्सला परत करून फ्रेंचांनी घेतलेले आपले मद्रास सोडवून घेतले. (आपल्याकडील कर्नाटक युद्धांच्या वर्णनात मद्रास परत मिळाल्याचा उल्लेख असतो, त्याची किंमत कोणी मोजली याचा क्वचितच.) न्यू इंग्लंडमधील मॅसॅच्युसेट्स वसाहतीला पार्लमेंटने मोहिमेचा खर्च भरून दिला, तरी सल राहिलाच. दरम्यान १७४७ साली आरमारासाठी माणसे जबरीने धरून नेल्यामुळे बॉस्टनमध्ये तीन दिवस दंगल उसळली होती.

पुढे सप्तवार्षिक युद्धात कर्ज वाढले: ब्रिटनचे राष्ट्रीय कर्ज १७५६ मध्ये सुमारे साडेसात कोटी पौंड होते, ते १७६३ पर्यंत तेरा कोटींच्या वर गेले. अमेरिकेत ठेवलेल्या फौजेच्या खर्चाचा काही भार तिथल्या लोकांनी उचलावा, म्हणून छापील व कायदेशीर कागदांवर कर लावणारा १७६५ चा मुद्रांक कायदा आला. तो पुढच्याच वर्षी मागे घेतला गेला, मात्र वसाहतींसाठी हवा तो कायदा करण्याचा आपला अधिकार पार्लमेंटने त्याच वेळी जाहीर करून ठेवला. कराला विरोध करणारे हे लोक स्वतःला इंग्रज प्रजाजन समजत होते आणि इंग्रजांचेच हक्क मागत होते. अशांसाठी मी ‘वसाहतवाले’ लिहीन. ‘वसाहतवासी’ निर्दोष आहे, पण औद्योगिक वसाहत आणि पोलीस वसाहत रोज कानावर पडत असल्याने तो शब्द गृहनिर्माण संस्थेच्या सूचनाफलकावरचा वाटतो.

उत्तर २ : वरील मताशी बहुतांशी सहमत आहे, परंतु ‘वसाहतवादी’ सरसकट बाद करू नये. १७६३ च्या ब्रिटिश राजघोषणेने ॲपलेशियन पर्वतरांगेच्या पश्चिमेस वस्ती करण्यास मनाई केली, तेव्हा मूलनिवासींच्या त्या जमिनींवर डोळा असलेल्या जमीन कंपन्या आणि सट्टेबाज संतापले. त्या संदर्भात त्यांना वसाहतवादी म्हटले तर ते अगदी यथार्थ ठरेल. लष्करी संदर्भात मात्र वसाहतींनी स्वतः उभारलेल्या फौजेसाठी ‘प्रांतिक’ हा शब्द वापरावा, जसे प्रांतिक पलटण, प्रांतिक अधिकारी. १७५४ च्या नियमानुसार राजाची सनद असलेला साधा कॅप्टनदेखील प्रांतिक कर्नलाच्या वरचा मानला जाई, आणि त्याच वर्षी जॉर्ज वॉशिंग्टन यांनी व्हर्जिनियाच्या पलटणीचा राजीनामा दिला तो दर्जाच्या याच प्रश्नावरून. ‘स्थानिक अधिकारी’ असे लिहिल्यास वाचकाला ते मूलनिवासी असावेत असे वाटेल.